लाल गोळ्या खाल्लेला बोकड

उखर्डू अजून सुरीला धार लावतोय. चुलीचे तीन दगड मांडून झालेत, पण कपाशीची पऱ्हाटी ओली असल्यामुळे नुसता धूर निघतोय. जाळ लागेपर्यंत माझी सगळी हकीकत सांगून होईल, म्हणून बोलायला लागलोय. मी झुलालआबाचा बोकड. शेताच्या बांधावरच्या लिंबाला बांधलेला आहे, गळ्यात कालच्या पोळ्याचा उरलेला गोंडा आहे आणि डोकं भयंकर तापलेलं आहे.

कापणार म्हणून तापलंय असं समजू नका. बोकडाच्या जातीत जन्माला आलो, म्हातारा होऊन खाटेवर पडून राहीन अशी आशा मी कधी धरली नव्हती. माझा राग वेगळाच आहे. तो आहे माझ्या कलेजीच्या वाटणीवर. ती कुणाच्या ताटात पडणार हे माझ्यासमोर ठरलं आणि मला कुणी विचारलं नाही. माझीच कलेजी असून.

पण सुरुवातीपासून सांगतो.

माझा जन्म एसटीच्या टपावर झाला. माझ्या आईला साक्रीच्या बाजारातून धुळ्याकडे आणत होते. टपावर तिच्याबरोबर दोन सायकली, एक कांद्याची गोणी आणि कुणाचा तरी लोखंडी पलंग. कुसुंब्याच्या अलीकडच्या वळणावर मी बाहेर आलो आणि पहिल्यांदा ओरडलो. त्या आवाजानं ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टर शिडी चढून वर आला, मला बघितलं आणि आबाला म्हणाला, "एक नग वाढला, याचं तिकीट फाडावं लागेल." आबानं तिकीट घेतलं. ते तिकीट मी तिसऱ्या दिवशी खाल्लं. माझ्या आयुष्यातला तो पहिला घन आहार. तेव्हापासून मला कागदाची आवड लागली ती लागलीच. तलाठ्याच्या हातातला उतारा, निवडणुकीची पोस्टरं, शाळेच्या भिंतीवरचं कुटुंबकल्याणाचं चित्र, असं पुष्कळ वाचन मी केलेलं आहे. इतर लोक वाचून विसरतात. माझं पोटात राहतं.

ते साल शहाऐंशी. आता एक्क्याण्णव चाललंय. म्हणजे मी पाच वर्षांचा आहे. माणसांच्या हिशोबात पंचेचाळिशी धरा. एवढी वर्षं बोकड जगत नाही, मी जगलो याचं कारण मला पैदाशीसाठी ठेवलं होतं. पांझरेच्या काठच्या चार गावांतल्या बकऱ्या माझ्याकडे येत. माझी पोरं किती, हे मी मोजलेलं नाही, पण नेरच्या बाजारात कुठल्याही करडाच्या कपाळावर पांढरा टिळा दिसला तर ते माझं समजा. एकदा दोन बैल जोडलेली गाडी मी शिंगानं ढकलून चिखलातून काढली होती. बैल नाही म्हणतात, पण ते बैलच.

आता मला सांगा, एवढा मी मर्द, तर मी जन्मभर खाल्लं काय? बाभळीच्या शेंगा. बोरीचा पाला. भुईमुगाचा वेल. सुबाभूळ, हादगा, अंबाडीची पानं, आणि मिळेल तो कागद. मटणाचा तुकडा मी चाटलेला नाही. कालच पोळा झाला. गावातल्या सगळ्या पुरुषांनी बैलांना ओवाळलं, त्यांच्या वशिंडावर हात फिरवून ताकदीची तारीफ केली. त्या बैलांनी कधी रस्सा ओरपला होता? कडबा आणि सरकीची ढेप खाऊन त्यांनी आख्खं रान नांगरलं. आणि ही तारीफ करून घरी आलेला माणूस ताटात पालेभाजी दिसली की म्हणतो, "हाई बाईसनं खानं मन्हापुढे कसाले ठेवं?"

हे वाक्य लोटन पैलवानाचं. लोटन आमच्या आबाचा शेजारी. वीसेक वर्षांपूर्वी एका यात्रेत त्यानं कुस्ती मारली होती, नारळ मिळाला होता. तो नारळ केव्हाच फुटला, लोटनची पैलवानी मात्र अजून चालू आहे. पोट पुढं, दम मागं. आमच्या ओट्यावर येऊन बसला की गावातल्या पुरुषांनी काय खावं आणि काय खाऊ नये याचे निकाल द्यायचा. आंबट खाल्लं की मरद ढिला पडतो, म्हणून ताक बंद. चिंच बंद. अंडं कच्चं फोडून दुधात प्यायचं, शिजवलं की त्यातला जोर वाफेबरोबर जातो. रस्सा इतका तिखट पाहिजे की कानातून धूर निघाला पाहिजे. ज्याला पाणी प्यावं लागलं त्यानं बांगड्या भराव्या. आणि कलेजी. कलेजी म्हणजे मर्दाचा दागिना. "कलेजी खाई तो कलेजावाला," असं म्हणून तो छातीवर थाप मारी आणि मग थोडा वेळ खोकत बसे.

गंमत अशी की आबाची सून प्रमिला जामनेरकडची. तिच्या माहेराहून हिवाळ्यात वांग्यांची टोपली यायची. ती हिरवी, मोठी वांगी पऱ्हाटीच्या जाळावर भाजून शेतात भरीत केलं की हाच लोटन सहा भाकरी खायचा. मी माझ्या डोळ्यांनी मोजल्यात. तेव्हा भाजी बायकांची आहे हे त्याला आठवत नसे. मी एकदा शिंगानं त्याला उकिरड्यात पाडला होता, तो अशाच एका दिवशी. माझ्या आयुष्यातल्या पुण्यकर्मांत ते मी वर धरतो.

प्रमिला घरात आली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आबाचा एकुलता एक मुलगा पुना, त्याची ही बायको. पहिली मुलगी माहेरी झाली. परत आली तेव्हा तिच्या अंगावर पोर होतं आणि अंगात काही नव्हतं. माझी बांधायची जागा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी, त्यामुळे मला सगळी ताटं दिसत. आधी आबा, लोटन असला तर लोटन, मग पुना, मग यशोदाबाई, म्हणजे पुनाची आई. सगळ्यांच्या शेवटी प्रमिला. म्हशीचं दूध पुनाला पितळी पेल्यातून. कोंबडीची अंडी पुनाला. मटण झालं तर ते शेतातच, पुरुषांनीच शिजवायचं आणि पुरुषांनीच संपवायचं. घरी यायचा तो पातेल्याच्या बुडाचा रस्सा, त्यात मानेचं हाड. प्रमिला भाकरीला ठेचा लावून खायची आणि पाणी प्यायची. यशोदाबाई विचारायची, "जेवनी का गं?" ती म्हणायची, "जेवली ना." ते खरंही होतं. खोटं त्यात काही नव्हतं, म्हणूनच मला राग येई.

आता लाल गोळ्यांवर येतो.

यंदा फाल्गुनात प्रमिला पुन्हा गरोदर आहे असं कळलं. सरकारी नर्स कमलबाई सायकलवरून यायच्या. ठेंगण्या, चष्मा दोरीनं बांधलेला. त्यांनी प्रमिलाच्या बोटाला टोचलं, टिपकागदावर थेंब घेतला आणि रंगाच्या पट्टीशी लावून पाहिला. मग तिची खालची पापणी ओढून आत बघितलं आणि यशोदाबाईंना म्हणाल्या, "पांढरी फटक आहे तुमची सून. या गोळ्या रोज एक, जेवणानंतर. शंभर आहेत."

पापणी ओढून बघणं मला माहीत होतं. आबा दर महिन्याला माझी पापणी ओढून बघायचा. फिकी दिसली तर त्याच दिवशी जंताचं औषध, वर गुळाचा खडा. अडीच वर्षं ती बाई त्या घरात राबत होती, तिची पापणी कुणी ओढून पाहिली नव्हती. नर्सबाईंना सायकलवरून यावं लागलं.

कागदाच्या पुडीतल्या त्या गोळ्या यशोदाबाईंनी आपल्याकडे ठेवून घेतल्या. "मी देसू तिले रोज," म्हणाल्या. आणि त्याच संध्याकाळी लोटन ओट्यावर येऊन बसला.

"काय शे हाई पुडीमा, वहिनी?"

"रगतन्या गोळ्या शेतस. वहूले दिधात नर्सबाईनी. ताकदसाठे."

लोटननं एक गोळी हातात घेतली, उजेडात धरली, हुंगली. "ताकदनी गोळी बाईले कसाले? तिले काय कुस्ती खेळनी शे? गरवार बाईले असं गरम दिधं तं पोट खाली होई जाई. पुनाले दे. पोऱ्या दखाय कसा वाळेल."

आबा पान लावत होता. त्यानं पानाला चुना लावला. यशोदाबाईंना ते पटलं. त्यांना दुष्ट समजू नका. पोट खाली होईल या शब्दानं त्या घाबरल्या. आणि ताकद म्हटलं की ती पुरुषाच्या पोटात जायची वस्तू, हे त्यांनी त्यांच्या सासूकडून ऐकलेलं, सासूनं तिच्या सासूकडून. दुधाचा पेला जसा न विचारता पुनाकडे जातो, तशी ती पुडीही गेली.

पुनानं आठ दिवस गोळ्या खाल्ल्या. रोज एक नाही, दोन. लवकर मर्द व्हायचं होतं. पहिल्या दोन दिवसांत तो आरशात दंड बघायचा. तिसऱ्या दिवशी लोटा घेऊन गेला तो दीड तासानं परत आला. पाचव्या दिवशी परत आला तेव्हा चेहरा राखेसारखा. मागच्या दाराशी येऊन आईला हळूच म्हणाला, "माय, मनं काही खरं नही. काळं पडस बठ्ठं. कोळसानागत."

"कोले सांगू नको," यशोदाबाई म्हणाल्या. त्यांनी त्याला एरंडेल पाजलं. मी कुंपणाशी उभा राहून इतका हसलो की मला रवंथ गिळता येईना. आठव्या दिवशी पुनानं गोळ्यांना हात जोडले.

आता पुडीत उरल्या चौऱ्याऐंशी. आता तरी त्या ज्या बाईसाठी आल्या तिच्याकडे जातील, असं कुठल्याही बकरीलासुद्धा वाटलं असतं. यशोदाबाई पुडी हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या. टाकवेना. "सरकारनी चीज शे, फेकाले जीव नही व्हत," असं स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी घरातला दुसरा मर्द.

त्या दिवसापासून माझ्या आंबोणात रोज एक लाल गोळी. मी खाल्ली. खोटं का बोलू, मला चव आवडली, गंजलेल्या खिळ्यासारखी. पुडीचा कागदही शेवटी मीच खाल्ला. त्यावर कमलबाईंच्या अक्षरात प्रमिलाचं नाव लिहिलेलं होतं. ते नाव खाल्ल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं की हे आपलं नव्हतं. पण तोवर ते पोटात गेलं होतं.

मी असा काही फुललो की विचारू नका. अंगावर चमक आली. एका उडीत मारुतीच्या देवळाच्या कळसावर जाऊन बसलो असतो, पण देवळात बायका होत्या, म्हणून थांबलो. लोटन माझ्या पाठीवर हात फिरवून म्हणायचा, "झुलालभाऊ, ह्यानी कलेजी म्हंजे सोनं. पोळानी करले ह्याले काप." आबानं मान हलवली. माझं मरण ठरलं ते असं, गोळ्या मानवल्या म्हणून.

श्रावणात आमच्याकडे कुणी मटण खात नाही. पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे कर. महिनाभर वाट बघून बसलेले पुरुष त्या दिवशी शेतात चूल मांडतात. पहिली तव्यावर पडते ती कलेजी. नुसतं मीठ आणि काळा मसाला. पहिला तुकडा घरच्या मोठ्या माणसाचा, मग पाहुण्याचा, मग बाकीच्यांचा. तेवढ्यात ती संपलेली असते. बायकांना कलेजीचा वास मिळतो तोही वारा गावाकडे असला तर.

आता काल काय झालं ते ऐका. सणाचं पुरण. प्रमिला सातव्या महिन्याची, खापरावर मांडे टाकत सकाळपासून उभी. बाहेर आम्हां जनावरांची शिंगं रंगवणं चाललं होतं. आत काही पडल्याचा आवाज आला. मी मान वळवून पाहिलं तर प्रमिला चुलीपासून हातभर अंतरावर जमिनीवर, पांढरी, आणि तिच्या तोंडावर पुनाची दोन वर्षांची पोर पाणी शिंपडतेय, कारण ती कोंबडीच्या पिलांना पाणी देताना ते शिकली होती.

कमलबाई सायकलवर आल्या. पुन्हा टिपकागद, पुन्हा पट्टी. बराच वेळ त्या पट्टीकडे बघत राहिल्या.

"गोळ्या घेतेस ना गं?"

प्रमिलानं सासूकडे पाहिलं. तिला गोळ्या दिल्या नव्हत्या हे तिला माहीत होतं आणि सासूसमोर सांगायचं नाही हेही माहीत होतं. यशोदाबाई म्हणाल्या, "सरन्यात. बठ्ठ्या सरन्यात." तेही खरंच होतं.

"शंभर गोळ्या खाऊन रक्त उतरतं, असं मी नोकरीत पहिल्यांदा बघते," कमलबाई म्हणाल्या. "हिमोग्लोबिन साडेसहा आलंय. अशा बाईला बाळंतपणात थोडं जरी रक्त गेलं तर धुळ्याला पोचेपर्यंत काही उरत नाही. मला दोन महिन्यांत हिचं रक्त वाढलेलं पाहिजे. गोळ्या मी परत देते, माझ्यासमोर खायच्या. आणि आबा, उद्या तुमची कर आहे ना? बोकड कापणारच आहात. त्याची कलेजी हिला द्या. हिच्यासाठी ते औषध आहे."

ओट्यावर बसलेला लोटन हसला. मोठ्यानं नाही, नाकातून. "कलेजी आनि बाईले? सिस्टर, आमना गावमा असं नही चालत. बाईनी कलेजी खादी तं तिले मिशा येतीस. नवराले धाकमा ठेवी."

"तुम्हाला इतकी वर्षं खाऊन काय आलं?" कमलबाईंनी विचारलं.

ओट्यावर कुणी हसलं नाही, पण बैलांपैकी एकानं मान हलवली, घंटा वाजली. आबा म्हणाला, "बाई, तुम्ही सांगता ते खरं असेल. पण आमच्यात बाया ते खात नाहीत. मी उद्या शेवग्याच्या शेंगा आणतो."

पुना भिंतीला टेकून उभा होता. आठ दिवस त्यानं खाल्लेल्या सोळा गोळ्या त्याच्या तोंडात आल्या असाव्यात, कारण त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. लोटनसमोर बोलायची हिंमत झाली नाही. मर्दपणासाठी एवढं दूध, एवढी अंडी, एवढं एरंडेल खर्ची पडलं आणि शेवटी बायकोच्या जिवासाठी एक वाक्य फुटलं नाही. माझ्या डोक्यात जो संताप चढला तो कालपासून उतरलेला नाही.

कमलबाई सायकलला पाय लावताना यशोदाबाईंना एवढंच म्हणाल्या, "दोन महिन्यांनी मला बोलवाल तेव्हा मी धावत येईन. पण माझ्या पिशवीत रक्त नसतं."

आज सकाळी मला शेतावर आणायच्या आधी आबानं माझी पापणी ओढून पाहिली. सवयीनं. कापायचं जनावर निरोगी आहे का बघावं लागतं. आत लालभडक, डाळिंबाच्या दाण्यासारखं. "भू मस्त शे," आबा म्हणाला, "गोळ्या मानवन्यात त्याले." यशोदाबाई शेजारी उभ्या होत्या, माझ्यासाठी पाण्याची बादली घेऊन. त्यांनी माझ्या डोळ्यात वाकून पाहिलं. किती तरी वेळ पाहिलं. मग बादली खाली ठेवली आणि आत गेल्या.

मागचं दार उघडं होतं. प्रमिला भिंतीशी बसली होती. यशोदाबाई तिच्यापुढं उकिडव्या बसल्या, अंगठ्यानं तिची पापणी खाली ओढली. प्रमिला दचकली. मला दिसत नव्हतं, पण आत काय रंग असणार हे मी सांगू शकतो, कारण यशोदाबाईंनी हात काढला तो स्वतःच्या पदराला पुसला, जणू चुना लागला होता. त्यानंतर मला इकडे आणलं.

आता इथं जाळ लागलाय. उखर्डू सुरीची धार अंगठ्यावर बघतोय. आबा, पुना, लोटन आणि भावकीतले चौघं गोल करून बसलेत. लोटननं तवा आपल्या बाजूला ओढून घेतलाय. आणि हे काय, बांधावरून कोण येतंय? लुगड्याचा रंग ओळखीचा आहे. या जेवणाच्या शेतात आजवर बाई आलेली मी पाहिली नाही. यशोदाबाई आहेत. हातात पितळी डबा, रिकामा, चालताना झाकण वाजतंय.

"वहिनी, आठे कोठे?" लोटन म्हणतो. "हाऊ मरदस्ना कारभार शे."

यशोदाबाई त्याच्याकडे बघत नाहीत. आबापुढं डबा ठेवतात. "कलेजी मले द्या."

"कोनासाठे?"

"जिन्या गोळ्या, तिनासाठे. शंभर गोळ्या नर्सबाईनी कोले दिधात? वहूले. कोनी खाद्यात? ह्या बोकडनी. मंग त्या कोठे गयात? ह्याना कलेजीमा शेतस. तिनी चीज ह्याना पोटमा शे, मी परत लेवाले उनी."

मी कान टवकारतो. पाच वर्षांत माणसाच्या तोंडून इतकं सरळ बोलणं मी ऐकलेलं नाही.

लोटन हसतो. "ताकद मरदले लागस वहिनी. बाईले जिरत नही."

"मरदले कशी जिरनी? सांग रे पुना."

सगळे पुनाकडे बघतात. चुलीतली पऱ्हाटी तडतडते. पुना जमिनीवर रेघोट्या ओढतो. मला वाटतं, आता हा पुन्हा गिळणार. पण तो मान वर करतो, थोडा उशिरा, पण करतो.

"आठ दिन मी खाद्यात तिन्या गोळ्या," तो म्हणतो. "लोटनकाकानी सांगं म्हनीसन. पोट धरी बसनू. काळं पडे. मायनी एरंडेल पाजं."

भावकीतला एक जण तोंडावर उपरणं धरतो. मग सगळेच. उखर्डूच्या हातातली सुरी हलते. लोटनचे कान लाल होतात, रस्सा न खाताच.

"हसा," पुना म्हणतो. "पन कलेजी घर जाई."

आता शब्द आबाचा. तो घरचा मोठा माणूस, त्याच्या शब्दाशिवाय तव्यावर काही पडत नाही. तो दाढी खाजवतो. "पयला वाटा मना ऱ्हास," तो म्हणतो. "मना वाटा मी वहूले दिधा. लई जाय."

"तुमना वाटा नको," यशोदाबाई म्हणतात. "बठ्ठी पाहिजे."

"आनि आमी काय खावानं?" लोटन विचारतो.

"शेवग्यान्या शेंगा शेतस घर," यशोदाबाई म्हणतात. "आबा आननार शेतस."

यावेळी आबाच हसतो. माझ्याकडे बघतो, डब्याकडे बघतो. मग उखर्डूला म्हणतो, "कलेजी आख्खी काढजो. तुकडा करू नको. डबामा ठेव."

झालं. उखर्डू उठलाय. माझा दोर सुटतोय, आणि चुलीकडे ओढायची गरज नाही, मी स्वतः चालत येतोय. राग पूर्ण गेला असं म्हणणार नाही. लोटन आहे, त्याच्यासारखे ओट्याओट्यावर आहेत, आणि पुढच्या करीला पुन्हा कुणाच्या तरी ताटात काय पडावं हे तेच ठरवतील. माझ्या एका कलेजीनं ते बदलत नाही, एवढा फुशारकीखोर मीही नाही.

पण ऐकणाऱ्यांनो, तुमच्याकडे एक मागणं आहे. यशोदाबाई ही कलेजी घरी नेतील, शिजवतील, प्रमिलाच्या ताटात वाढतील आणि पाणी आणायला उठतील. तेवढ्यात प्रमिला काय करील हे मला माहीत आहे. मी तीन वर्षं मागच्या दारातून पाहिलंय. ती अर्धी पुनासाठी वाटीत काढून झाकून ठेवील, दोन घास पोरीला भरवील, आणि विचारलं तर म्हणेल, जेवली ना. तेव्हा कुणीतरी तिच्यासमोर बसा. ताट रिकामं होईपर्यंत उठू नका.